फेटा बांधून कुटं निघालाव

मी फेसबुक-इन्स्टा सोडलं तेव्हा कुणाला सांगून सोडलं नाही. काही जणी सोडताना मोठं निवेदन टाकतात, मी थोडी विश्रांती घेतेय, तुमचं प्रेम असू द्या वगैरे, आणि चार दिवसांत नव्या साडीत परत हजर. मला तसली नाटकं जमत नाहीत. आधी अकाउंट बंद केलं, मग घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले, मग फोन गादीखाली कोंबला आणि भांडी घासायला बसले. भांडी इतकी आपटली की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. तिलाही फाडकन काहीतरी बोलले.

माझं पार्लर आहे, सोलापुरात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. नवरी नटवणं हे माझं मुख्य काम. हल्ली नवरीचा मेकअप पुसायच्या आत त्याचा रील निघतो, आणि तो रील बघूनच पुढची नवरी येते. अशा धंद्यात राहून मी फोनकडे पाठ फिरवली. पलीकडच्या गल्लीत एक आहे, जिला दोन भुवया सारख्या कोरता येत नाहीत, तिच्याकडे माझ्या गिऱ्हाईक पोरी जायला लागल्या. जाऊ देत. एक भुवई वर, एक खाली, अशा बोहल्यावर उभ्या राहिल्या की आपोआप समजेल त्यांना. लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. का, ते सांगते.

माझे वडील, अप्पा, एका सकाळी गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात आणि पाठीला आधार देऊन मांडी घालून बसवतात. गड्यामाणसाला फेटा बांधतात, गळ्यात हार घालतात. बसलेलंच नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. आमची रीत ठाऊक नसलेल्या माणसानं लांबून पाहिलं तर त्याला वाटावं, कुणाचा तरी सत्कार चाललाय. अप्पांचा सत्कार जन्मात कुणी केला नव्हता. त्या दिवशी ते लई देखणे दिसत होते, डोळे मिटलेले, फेटा बांधलेला, आणि चेहऱ्यावर रोजचाच थोडा राग.

आईला त्यांच्यासमोर आणून बसवलं. माझी आई अक्कलकोटकडची. कानडीत वाढली, मराठी सासरी येऊन शिकली, आणि शिकून उपयोग काय, कारण अप्पांपुढं तिनं कधी तोंड उघडलं नाही. अप्पा माणूस वाईट नव्हते. पण चहात साखर कमी पडली की घर डोक्यावर घ्यायचे, आणि ती मुकाट्यानं साखरेचा डबा घेऊन यायची. मला तिचा राग यायचा. तर त्या सकाळी ती बोलली. आमच्याकडच्या जुन्या बायका रडतात तशी, हेल काढून, समोरच्या माणसाला सवाल करत. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"फेटा बांधून कुटं निघालाव? मला न सांगता निघालाव व्हय? साखर कमी हाय म्हून रोज बोलत हुताव की. आज का गप बसलाव? बोला की. माताडरी!"

माताडरी म्हणजे कानडीत, बोला. मराठी अपुरी पडली की आई कानडीत शिरते. ती ते एकच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, प्रत्येक वेळी आवाज चढत गेला, आणि शेवटी ती मागच्या मागं कोसळली. मी धावले, डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं.

हे सगळं माझ्या चुलतभावानं फोनवर घेतलं. त्याचं डिजिटल बॅनरचं दुकान आहे, वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत माणसांची तोंडं मोठी करून चौकात टांगणं हा त्याचा व्यवसाय. बेंगळुरूच्या आत्याला येता येत नव्हतं, तिला शेवटचं दर्शन व्हावं म्हणून त्यानं ते घराण्याच्या ग्रुपवर टाकलं. त्यात वावगं काही नाही, आता सगळेच टाकतात. पण तिथून ते कुणीतरी उचललं आणि बाहेर सोडलं. कोणी, ते आजवर कळलं नाही. खाली ढोलकी लावली, वर लिहिलं, प्रत्येक घरातली गोष्ट.

लोकांना वाटलं, अप्पा जिवंत आहेत. फेटा-हार घालून नवरा कुठंतरी कार्यक्रमाला निघालाय, बायको समोर बसून त्याला झापतेय, आणि तो बिचारा डोळे मिटून ऐकून घेतोय. महाराष्ट्र हसून लोळला. काकांचा संयम बघा, एकानं लिहिलं. काकांना पुरस्कार द्या. काका, हू का चू करू नका, आम्हीही असेच बसतो. मी खाली लिहिलं, हे माझे वडील आहेत, ते वारलेत, आमच्यात असं बसवतात, कृपया हे काढा. त्यावर एकानं उत्तर दिलं, "म्हणजे काकूनं बोलून बोलूनच मारलं की." त्या उत्तरावर हसऱ्या तोंडांचा ढीग पडला. माझ्या ओळीला एकानं अंगठा दाखवला होता.

मी चुलतभावाच्या दुकानात गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकासमोर त्याला धुतला. तो मान खाली घालून एका नगरसेवकाच्या गालावरचे डाग पुसत होता, कॉम्प्युटरवर. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाला, अगं त्यात एवढं काय, काकू फेमस झाली. त्या दिवशी घरी येऊन मी फोन गादीखाली घातला.

आईला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कोसळली ती तापानं फणफणली, आणि ती सकाळ तिच्या डोक्यातून साफ गेली. अप्पांना फेटा बांधला होता हेही तिनं मला विचारून घेतलं. आणखी एक विचारायची, आणि ते विचारायला तिला नेमकी शेंगाचटणी कुटतानाची वेळ सापडायची. मुसळ वर धरून थांबायची. मी त्यांना शेवटचं काही बोलले का गं?

मी म्हणायचे, नाही. तू नुसती बसून होतीस.

काय सांगणार होते मी? बोललीस म्हटलं असतं तर ती विचारणार, काय बोलले. मग आत्याला विचारणार, जावेला विचारणार, आणि आमच्या भावकीत फोन न काढता गोष्ट सांगणारं माणूस उरलेलं नाही. तेव्हा नाहीच. मग ती मुसळ खाली घालायची आणि म्हणायची, जलमभर गप बसले, जाताना बी गपच बसले, कसली बाई मी. आणि चटणीत लसूण जास्त पडायचा. मला एकच राखायचं होतं, की आईनं स्वतःचं ते रडणं ढोलकीवर ऐकू नये. बाकी धंदा बुडो, लोक खुळी म्हणोत.

पण आपण बाजारात गेलो नाही म्हणून बाजार घरी यायचा राहतो का? एक नवरी खुर्चीत बसली होती. एका डोळ्याचा मेकअप झालेला, दुसरा कोरा. तिच्या मैत्रिणीनं फोन काढला आणि खोलीत माझ्या आईचा आवाज आला, फेटा बांधून कुटं निघालाव. नवरी आरशात बघून ओठ हलवायला लागली. नवऱ्याला फेटा बांधल्याबरोबर हा रील टाकायचाय म्हणाली, सगळ्या टाकतात. पडद्याच्या पलीकडं आई तांदूळ निवडत होती. मी केस वाळवायचं मशीन फुल्ल सोडलं आणि कोरड्याच केसांवर धरलं. नवरी म्हणाली, ताई, केस ओले नाहीत माझे. म्हटलं, गप बस, वाळवतेय ना. मग तिला जे काजळ घातलं ते स्वस्तातलं, रडलं की हनुवटीपर्यंत उतरणारं. ती पाठवणीला रडली असेलच. मला अजून त्याचं वाईट वाटत नाही.

असं चाललं होतं, तोवर संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आली. चुलतभाऊ यात्रेतून फिरून आमच्याकडं आला, आईसाठी बत्तासे आणले आणि सोबत आपला जुना स्मार्टफोन. काकूला एकटं वाटतंय, तिनं चार चांगल्या गोष्टी बघाव्यात, म्हणाला. माझ्याकडं न बघता त्यानं आईला घराण्याच्या ग्रुपमध्ये घातलं, इन्स्टा उघडून दिलं, बोट कसं सरकवायचं ते शिकवलं, चहा पिऊन गेला. आई लहान मुलीसारखी तो फोन पदरानं पुसत बसली. तिला लिहायला-वाचायला येत नाही, पण माइकचं चित्र दाबून बोललं की ग्रुपवर आवाज जातो आणि बाणाचं चित्र दाबलं की रील जातो, हे तिला तासाभरात जमलं. जेवलीस का, पाय दुखतोय का, असले तिचे निरोप आत्याला जायला लागले. मी तिच्या हातून फोन हिसकावून घ्यायचा का? काय कारण सांगून?

तेव्हा मी परत आले. लोक परत येतात कारण करमत नाही. मी राखण करायला आले, आपल्या शेतात दुसऱ्याच्या म्हशी शिरू नयेत म्हणून बांधावर बसणाऱ्या माणसासारखी. अकाउंट उघडल्याबरोबर ते म्हणालं, तुमची आठवण येत होती. इतकं धडधडीत खोटं आमच्या भावकीतसुद्धा कुणी बोलत नाही.

मी आधी आईचा आवाज शोधला. माझ्या गैरहजेरीत त्याची भरभराट झाली होती. मूळ चित्र मात्र दिसेना; अप्पांचं तोंड मागं पडलं होतं आणि आवाज तेवढा मोकळा फिरत होता. फेट्यातला नवरदेव, फेट्यातलं कुत्रं, फेट्यातलं तान्हं बाळ, फेट्यातला कुठलासा उमेदवार. माताडरीचा अर्थ एकालाही ठाऊक नव्हता, पण ओठ मात्र सगळ्यांचे बरोबर हलत होते. मी तक्रार केली. उत्तर आलं, आम्ही तपासलं, यात नियमाविरुद्ध काही नाही. खरंच आहे, बाई नवऱ्यासाठी रडली तर त्यात कुठला नियम मोडतो?

मग मी दुसरा उद्योग धरला. आई अंघोळीला गेली की तिचा फोन घ्यायचा आणि त्याला वळण लावायचं. लग्न दिसलं की नको म्हणून दाबायचं. नवरी दिसली, नको. फेटा दिसला, नको. आणि निरुपद्रवी काय असेल ते बघत राहायचं, म्हणजे फोन तेच आणून दाखवतो. मी म्हशी निवडल्या. म्हशीचं दूध काढणं, म्हैस धुणं, म्हशीला रेडकू होणं. माझ्या धंद्यातली नवरींची छायाचित्रं एका फोनवर टाकायची आणि दुसऱ्या फोनवर म्हशी बघत बसायचं, असं माझं सोशल मीडियावरचं पुनरागमन. फोन लवकर शहाणा झाला. आई म्हणायला लागली, ह्या फोनात म्हशीच लई हायत की. पण आवडायच्या तिला. माहेरी होत्या.

पार्लर परत चालायला लागलं. पलीकडच्या गल्लीतली भुवईवाली माझ्या रीलवर येऊन हृदय टाकून गेली, जळो तिचं. मला वाटायला लागलं, जमलं. लोकांना दुसरं काही हसायला मिळेल, हे विरून जाईल, आई म्हशी बघत म्हातारी होईल.

एका दुपारी पार्लर रिकामं होतं. मी ब्रश धूत होते. आई पडदा सारून आत आली, पदर तोंडावर धरून, खांदे हलत होते. मी घाबरले. मग बघितलं तर हसत होती. अप्पा गेल्यावर पहिल्यांदा हसत होती. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढं धरला.

म्हैस होती. दिवाळीत पाडव्याला सजवतात तशी सजवलेली, शिंगं रंगवलेली, आणि डोक्याला गुलाबी फेटा. समोर मालकाची बायको कमरेवर हात ठेवून म्हशीला विचारत होती, फेटा बांधून कुटं निघालाव.

म्हशी मीच भरल्या होत्या त्या फोनात. मीच.

आई सांगायला लागली, ही बाई नुसते ओठ हलवतीया, आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी हाय म्हणे. पण ज्या कुणाचा हाय ती आपल्याकडची हाय बघ. माताडरी म्हणतीया. अक्कलकोटकडची असणार, नवऱ्याला कसली झाडतीया. परत लावलं, परत हसली. हसता हसता थांबली आणि आरशात बघत म्हणाली, "अशी एक डाव तरी बोलले असते मी त्यांना."

मी म्हटलं, आण तो फोन, चार्जिंगला लावते. ती म्हणाली, थांब की, मी ग्रुपवर बी टाकलंय, सगळ्यांना आवडलं. आणि तिनंच ग्रुप उघडून दाखवला. मघाशीच टाकला होता तिनं तो रील. खाली चुलतभावाची हसून डोळ्यात पाणी आलेली तोंडं, ओळीनं. त्याच्या बायकोनं लिहिलं होतं, काकू तुम्ही पण ना. आत्यानं हसरं तोंड आणि हात जोडलेले, दोन्ही. धाकट्या काकांनी लिहिलं होतं, एक नंबर. आत्या सोडून सगळी ती माणसं त्या सकाळी आमच्या अंगणात उभी होती. काहींनी अप्पांच्या गळ्यात हार घातला होता. आईचा आवाज त्यांनी तिथं उभं राहून ऐकला होता, आत्यानं फोनवर, आणि आईनंच तो पाठवला तेव्हा एकालाही तिला सांगावंसं वाटलं नाही. उलट वाट बघत असतील, काकू आणखी काय पाठवते याची. 

मी ते वाचतेय तेवढ्यात आईनं परत म्हैस लावली. म्हशीच्या मालकानं आवाज पुरा लावला होता, शेवटपर्यंत. आई दर वेळी हसण्यातच असायची, शेवट तिनं ऐकलाच नव्हता. मी फोन ओढायला हात घातला, तिनं तो माझ्यापासून लांब, कानाजवळ नेला. माताडरी, माताडरी, माताडरी, मग धप्प, ढोलकी थांबली, आणि लांबून एक आवाज आला, "आई, पाणी पी. आई गं, पाणी पी."

स्वतःचा आवाज कुणाला ओळखू येतो? पण पोटच्या पोरीचा येतो. आईच्या तोंडावर हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"ह्यो तर तुजा आवाज हाय," ती म्हणाली. "ह्यात तू कशी?"

मी खाली बसले, तिच्या पायाशी, ओल्या ब्रशांसकट. तिनं पुन्हा लावलं. या वेळी म्हशीकडं बघितलं नाही, डोळे मिटून ऐकलं, पहिल्यापासून. साखरेपाशी तिचे ओठ हलले. ते बघवेना मला. ढोलकी थांबली, माझं 'पाणी पी' झालं, आणि फोन आपल्या आपण परत पहिल्यापासून सुरू झाला. तिनं तो बंद केला.

"म्हंजे बोलले हुते मी."

व्हय, म्हटलं.

तू न्हाई म्हणालीस, एवढंच ती म्हणाली, आणि तेही माझ्यावर न चिडता. चिडली असती तर बरं झालं असतं. मग मी सांगितलं सगळं. चुलतभावानं आत्यासाठी घेतलेलं, कुणीतरी बाहेर सोडलेलं, अप्पा बसलेले म्हणून लोकांना जिवंत वाटलेले. नवऱ्या, कुत्री, उमेदवार. तिनं मधे एकदा विचारलं, त्यांना बी हसतेत? मी म्हटलं, हो, त्यांनाही. हे ऐकून तिनं पदर नीट केला, अप्पा घरात आले की करायची तसा.

मग ग्रुप उघडला. ती हसरी तोंडं बोटानं वर सरकवत गेली, खाली सरकवत आली. नावं वाचता येत नाहीत तिला, पण नावाशेजारचे फोटो ओळखता येतात. प्रत्येक फोटोवर बोट ठेवून माझ्याकडं बघत होती.

"ह्या सगळ्यांना ठावं हुतं?"

"व्हय."

मला वाटलं, आता रडेल. तिनं माइकचं चित्र दाबलं आणि फोन तोंडाजवळ धरला. आवाज चढवला नाही, हेल काढला नाही. चहा घेणार का म्हणून विचारावं तसं विचारलं.

"का गप बसलाव आता सगळी? हसा की. बोला की. माताडरी."

बोट सोडलं, निरोप गेला. फोन तिनं क्रीमच्या डब्यांमध्ये उभा करून ठेवला आणि आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो. निळ्या खुणा झाल्या, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. चुलतभावाच्या नावाखाली तो काहीतरी लिहितोय असं दिसलं. थोडा वेळ दिसलं, मग तेही गेलं. आई अजून वाट बघत होती.